पिठावरचं पाऊल

उत्तरा माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघते. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर; तिथून वर जायला सवड मिळालीच तर नाक-डोळे. हळदीकुंकवाला कुणी काकू गळ्यात पडल्या तर ती तोंड भरून हसते, पण नाव काही केल्या आठवत नाही. मात्र काकूंची डावी चप्पल बाहेरच्या कडेनं झिजली आहे आणि तो गुडघा आज ना उद्या कुरकुरणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसतं. "हिच्यासमोर चपला काढू नका, पत्रिका मांडेल," असं तिचा नवरा यतीन चारचौघांत सांगतो, आणि चारचौघं खरोखरच पाय आखडून घेतात.

ही खोड जुनी. वडील केंद्र सरकारात नोकरीला, त्यामुळे लहानपण दिल्लीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. आई बाजारातल्या कपड्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसायची आणि ही पोर बाजूच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायची. पाय बघून वरचा माणूस कसा असेल ते मनाशी ठरवायचं, मग मान वर करून खात्री करायची. बहुतेक वेळा बरोबर यायचं. पुढे मोठेपणी त्याच खेळाची नोकरी झाली, इतकंच.

मधुमेहाच्या एका इस्पितळात पावलं तपासायची खोली आहे, तिथे ती काम करते. खोलीत जमिनीलगत एक काळी पट्टी बसवली आहे. तिच्यावरून अनवाणी चाललं की तळव्याचा कुठला भाग किती जोरानं टेकला ते समोरच्या पडद्यावर रंगांत उमटतं. भार जास्त तिथे लाल, कमी तिथे निळं, आणि जिथे पाय टेकलाच नाही तिथे काळोख. त्याआधी उत्तरा फीत घेऊन कंबर आणि नितंबांचा घेर मोजते, उंची आणि वजन घेते. "सामने देखिए अंकल, पैरों को मत देखिए," हे वाक्य ती दिवसभर म्हणते. झोपेतही म्हणते, असा यतीनचा आरोप आहे.

खरं तर पट्टीवर पाय पडायच्या आधीच तिला चित्र दिसत असतं. पोट सुटलेल्या जड माणसाची कमान दबते आणि सगळा तळवा जमिनीला चिकटतो. उंच, हाडकुळ्या माणसाचा मधला भाग अधांतरीच राहतो, टाच आणि चवडा तेवढे उमटतात. "वर जे काही आहे ते खाली उतरतंच," असं ती नव्या मुलींना शिकवते आणि लगेच बजावते, "फक्त ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे ना, त्याच्यावर हा हिशेब चालवू नका. त्याची बोटं वाकडी होतात, अंगठ्यामागचं एकच हाड सगळा भार घेतं. तिथे जखम होते आणि त्याला स्वतःला पत्ताच नसतो."

बाहेर ती हे इतक्या ठामपणे सांगायची. घरचं निराळं होतं.

घर मयूर विहारच्या एका सोसायटीत. सासरे भाऊसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उंचेपुरे, आणि स्वतः खोलीत शिरण्याआधी ज्यांचं पोट शिरायचं असे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मराठी अतिथिगृहात जेवायला गेले की तिथला वाढपी त्यांना न विचारताच दुसरी पुरणपोळी वाढायचा. सासूबाई द्वारकाबाई ठेंगण्या, वाटोळ्या. त्या चालल्या की सगळा तळवा फरशीवर टेकायचा आणि थप थप असा आवाज यायचा. भाऊसाहेबांच्या मधुमेहाच्या गोळ्या त्यांच्या हातात असत. "अहो, गोळी," एवढंच त्या म्हणायच्या, आणि दोन खात्यांना धाकात ठेवणारा माणूस निमूटपणे आ करायचा.

उत्तरानं एकदा म्हणून पाहिलं होतं, "बाबा, एकदा या ना आमच्याकडे. मशीनवर पाय बघू तुमचे."

"सुनेपुढे तळवे करू?" भाऊसाहेब खरोखरच दचकले होते. "वरून नमस्कार करतेस तेवढा पुरे की."

त्यांच्या घराण्यात ते तसंच होतं. वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं, पण त्या पायांचे तळवे मात्र सुनेच्या नजरेला पडता कामा नयेत. उत्तरा खोलीत आली की भाऊसाहेब पलंगावर पाय ओढून घेत आणि वरून शाल टाकत. दर पाडव्याला, दर दिवाळीला ती त्या पायांवर वाकली. त्यांच्या अंगठ्यावरचे केससुद्धा तिला पाठ होते. तळवे तिनं कधी बघितले नाहीत, आणि आपण ते बघितले नाहीत हेही तिच्या कधी ध्यानात आलं नाही.

द्वारकाबाई बरेच महिने अंथरुणाला खिळून होत्या. डिसेंबरात, धुक्यानं खिडक्या पांढऱ्या झालेल्या असताना, मागच्या खोलीत त्या गेल्या. भाऊसाहेब रडले नाहीत. त्यांनी बोलणं सोडलं, जेवण सोडलं. मफलर, दोन स्वेटर आणि वर जुना ओव्हरकोट अशा अवतारात ते दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. समोर ठेवलेलं ताट तसंच परत जायचं. "बाबा आईच्या मागोमाग जाणार," असं यतीन उत्तराला म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

नणंद नीला गुडगावहून राहायला आली होती. तिनंच जुनी रीत काढली. माणूस जिथे गेलं तिथे दिवा लावायचा, नवव्या दिवशी संध्याकाळी त्याच्याभोवती पीठ पसरायचं, त्यावर टोपली पालथी घालायची आणि दहाव्या दिवशी सकाळी बघायचं. पिठावर जे उमटलेलं असेल त्यावरून गेलेलं माणूस कुठे गेलं ते कळतं म्हणतात. एवढी मोठी टोपली काही मिळाली नाही. मग नीलानं पलंग हलवलेल्या जागी चाळणीनं तांदळाचं पीठ पसरलं, खोलीचं दार लोटलं आणि बजावलं, "आता सकाळपर्यंत कुणीही आत जायचं नाही. बिल्कुल नाही."

उत्तराचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण नीलानं ते पीठ आईचं अंथरूण घालावं तसं जपून पसरलं होतं, म्हणून उत्तरानं चाळणी हळूच तिच्या हातातून घेऊन जागेवर ठेवली.

सकाळी दार उघडलं आणि नीला उंबऱ्यातच खाली बसली. पिठाच्या कडेला एक पाऊल उमटलं होतं. एकच, उजवं, दिव्याच्या दिशेनं टाकलेलं. आणि दिवा भरलेला होता. संध्याकाळी घातलेलं तेल सकाळपर्यंत पुरणारं नव्हतं, तरी वात ताठ उभी राहून जळत होती.

"आई आली होती," नीला म्हणाली. "दादा, आई आली होती रे!"

यतीननं भिंतीला कपाळ टेकलं. भाऊसाहेब मागून सावकाश आले, त्यांनी चष्मा पुसला, पावलाकडे बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "चहा टाका," ते म्हणाले. "तिलाही ठेवा कपभर."

रडला नाही तो एकटा उत्तराचा डोळा. सवयीनं तो आधीच कामाला लागला होता. पाऊल अरुंद. टाच खोल. मधे काहीच नाही, कमान पूर्ण अधांतरी. अंगठ्यामागे एक खोल खळगा, आणि बोटांच्या जागी नुसती टोकं टोचल्याच्या खुणा. खळग्यात पीठ किंचित ओलं होऊन गोळा झालं होतं, तिथे दिव्याच्या तेलाचा थेंब पडला असावा. हे द्वारकाबाईंचं पाऊल नव्हे. त्यांचा तळवा भाकरीसारखा सगळाच्या सगळा उमटला असता. हे कुणा उंच, सडपातळ माणसाचं पाऊल होतं, ज्याच्या कमरेवर मांस नाही आणि ज्याला पोट नाही.

तिनं मनातल्या मनात घरातल्या सगळ्यांना पट्टीवर उभं केलं. यतीन जाडा, त्याची कमान केव्हाच बसली. नीलाचा पाय फताडा. तिचा स्वतःचा पाय आखूड. भाऊसाहेब उंच खरे, पण एवढं पोट घेऊन चालणाऱ्या माणसाचा पाय असा उमटणार नाही. घरात पाचवं कुणी नव्हतं.

मग कुणाचं?

तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? त्या सकाळी भाऊसाहेब दोन घास जेवले. संध्याकाळी आणखी चार. ते पाऊल आपल्या बायकोचं आहे, एवढ्या एका समजुतीवर तो माणूस जगायला लागला होता. ती समजूत उत्तरानं काढून घेतली असती तर सासूबाई त्यांच्यापुरत्या पुन्हा एकदा गेल्या असत्या. नीलानं पावलाभोवती फुलं ठेवली आणि ते झाडायचं नाही असं ठरलं. उत्तरानं मान डोलावली.

पण त्या दिवसापासून तिचं घर तिला परकं झालं. सकाळी धुकं असताना, ती डबा भरत असताना, मागच्या पॅसेजमधून पावलं वाजायची. टाच धाडकन आपटायची आणि मग बाकीचा पाय फरफटत यायचा. धाड, फर्र. धाड, फर्र. घरातल्या प्रत्येकाची चाल तिला आवाजावरून कळायची, आणि ही चाल त्यांच्यातली कुणाचीच नव्हती. अशी चाल तिनं फक्त इस्पितळात ऐकली होती. पायाखाली जमीन आहे की नाही हे ज्यांना कळत नाही, ती माणसं अशी चालतात. एकदा ती हातातली पोळी तव्यावर टाकून धावत गेली. पॅसेज रिकामा. भाऊसाहेबांच्या खोलीचं दार बंद. फरशीवर पाण्याचा एक थेंब होता, तो तिनं पायपुसण्यानं पुसला आणि परत येईपर्यंत पोळी जळली होती.

मेलेल्या माणसाला पायाखालची जमीन कळत असेल का, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिला स्वतःची भीती वाटली. मेट्रोत उभी असताना तिची नजर खाली जायची आणि ती मुद्दाम वर करायची. इस्पितळात कुणाच्याही पायाचं चित्र पडद्यावर आलं की तिला ते पिठातलं पाऊल दिसायचं. "मॅडम, तबियत ठीक है?" असं तिथल्या मुली विचारू लागल्या.

"यतीन," ती एकदा धीर करून म्हणाली, "ते पाऊल आईंचंच आहे असं तुला नक्की वाटतं?"

"यार उत्तरा," तो थकून म्हणाला, "बाबा जेवताहेत. मला अजून काही नको."

तेरावा दिवस आला. सुतकात कुणी कुणाला नमस्कार करत नाही, त्यामुळे इतके दिवस भाऊसाहेबांच्या पायांवर कुणी वाकलं नव्हतं. गुरुजींनी त्यांना निधनशांतीला बसवलं ते सोवळ्यात. स्वेटर नाही, कोट नाही, नुसतं धोतर आणि उपरणं. उत्तरा स्वयंपाकघरातून नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि दारातच थबकली.

पाटावर एक परका म्हातारा बसला होता. गळ्याखालची हाडं वर आलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि पोट गेलेलं. ते भलं थोरलं, वाढप्याला पुरणपोळीची आठवण करून देणारं पोट कुठेच नव्हतं. त्याच्या जागी नुसती कातडीची घडी लोंबत होती. सासूबाईंच्या आजारपणाचे सगळे महिने, आणि मग हे तेरा दिवस, हा माणूस कपड्यांच्या आत वितळत होता. गोळ्या देणारं माणूस अंथरुणावर पडल्यापासून त्यांना गोळी कुणी दिली होती? त्यांनी स्वतः घेतली होती? कुणी विचारलंच नव्हतं. उत्तरानं ताट खाली ठेवलं.

गुरुजी गेल्यावर यतीननं नमस्कार केला, नीलानं केला. मग उत्तरा वाकली. ती वरून पाठ असलेली बोटं आता आत वळून जमिनीला टोचत होती. तिनं कपाळ टेकलं आणि तिला वास आला. रोजच्या कामातला तो वास होता. तिला तो ओळखायला क्षणही लागला नाही.

"बाबा, उजवा पाय वर करा."

भाऊसाहेबांनी झटकन पाय धोतरात घेतला. "अगं, काय हे! भलतंच काय?"

"बाबा, तुमच्या पायाला जखम आहे. मला बघू द्या."

"मला काही दुखत नाही."

"दुखत नाही हीच तर भीती आहे!" तिचा आवाज चढला, सासऱ्यासमोर पहिल्यांदाच. आणि जे कधीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच तोंडातून निघून गेलं. "ते पिठातलं पाऊल आईंचं नव्हतं. तुमचं होतं."

 नीला उठून उभी राहिली. "वहिनी! आजच्या दिवशी तरी!"

"मी खोलीत गेलो होतो," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले. "तेल घालायला. पण मी पिठाच्या बाहेर उभा होतो. पिठावर पाय पडला असता तर मला कळलं नसतं का?"

उत्तरानं डबा आणला. तांदळाचं पीठ फरशीवर ओतलं आणि तळहातानं सारखं केलं. "यावरून चाला," ती म्हणाली. "सामने बघा, पायांकडे नको." ती त्यांच्याशी रडत रडत बोलत होती.

सुनेला खोटं पाडायचं म्हणून ते उठले. ताठ मानेनं, समोरच्या भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत त्यांनी पावलं टाकली. धाड, फर्र. पलीकडे पोचून ते थांबले. "कुठे आहे तुझं पीठ?" त्यांनी विचारलं. ते पार करून आलो आहोत हे त्यांना कळलंच नव्हतं.

मग त्यांनी वळून पाहिलं. पिठात तेच पाऊल होतं. खोल टाच, रिकामी कमान, बोटांची टोकं, आणि अंगठ्यामागच्या खळग्यात ओला डाग. या वेळी जवळपास तेलाचा दिवा नव्हता. नीलानं तोंडावर पदर घेतला. भाऊसाहेबांचे खांदे हळूहळू खाली आले.

"म्हणजे ती आलीच नव्हती," ते म्हणाले. कुणाकडेही न बघता ते खुर्चीपर्यंत गेले आणि बसले.

त्याच दुपारी त्यांना इस्पितळात नेलं. अंगठ्यामागच्या हाडाखाली जखम आत खोल गेली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय ठेवता आला नसता. साफ केली, औषधं सुरू झाली, पायावर भार येऊ नये म्हणून पोटरीपर्यंत साचा चढवला. उत्तरा दोन्ही वेळच्या गोळ्या हातात घेऊन उभी राहायची आणि भाऊसाहेब आ करायचे. पण ते बोलत नव्हते. ताट पुन्हा अर्धं परत जाऊ लागलं. पाय वाचवला आणि माणूस घालवला की काय, असा विचार उत्तराच्या मनात सारखा येई. मागच्या खोलीतली फुलं सुकली. पीठ नीलानं गुडगावला परत जाण्याआधी स्वतः झाडलं आणि उत्तराशी एक शब्द न बोलता निघून गेली.

जखम भरत आली तेव्हा साचा काढला आणि नवी पादत्राणं करण्यासाठी भाऊसाहेबांना उत्तराच्या खोलीत आणलं. तिनं त्यांची कंबर मोजली, वजन घेतलं. पट्टीवर ते तिचा हात धरून चालले आणि पडद्यावर त्यांचं पाऊल रंगांत उजळलं, मधे काळोख घेऊन. अंगठ्यामागचा लाल डाग अजून होता, पण लहान झाला होता. ते त्या चित्राकडे तोंड करून स्टुलावर बसले. बाहेर कुणीतरी पुढच्या रुग्णाला हाक मारत होतं.

"उत्तरा," ते म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलं."

"बोला ना, बाबा."

"पीठ पसरलं त्या रात्री मी गाढ झोपेत होतो. तेल संपत आलंय हे मला खोलीबाहेरून कळायचं कारण नव्हतं. दार लोटलेलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "मला हाक ऐकू आली. 'अहो, दिवा.' एवढीच. गोळीसाठी मारायची ना, तशी. म्हणून मी उठून गेलो. घाईत चप्पलसुद्धा घातली नाही."

 तो पाय अनवाणी तिथे पडला नसता तर पीठ कोरं राहिलं असतं. पीठ कोरं राहिलं असतं तर आज हा पाय नसता. कोणाची कंबर किती, कोणाचा भार कुठे, याचं उत्तर ती देऊ शकत होती. ती हाक कुणाची, याचं तिच्याकडे नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला होता आणि त्याच वेळी तिला सासूबाईंची थप थप चाल आठवत होती.

"आई होत्या, बाबा," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी मान हलवली. मोजा घालायचा राहिला होता. उत्तरा खाली बसली आणि तिनं त्यांचा उजवा पाय उचलून तळवा आपल्या हातावर घेतला. तो थंड होता आणि हलका होता. त्यांना तिचा हात कळत नव्हता, पण तो दिसत होता. त्यांनी पाय मागे घेतला नाही.